‘द थिंग’च्या समीक्षकांचे नेमके काय चुकले?

जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’ २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि समीक्षकांनी त्याची सालटी काढली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या व्हिन्सेंट कॅन्बी यांनी त्याला थेट भंगारात काढले. रॉजर ईबर्ट यांना किळस पुरेपूर आणि पात्रे उथळ वाटली. आज भयपटांची कोणतीही यादी त्याच्यावाचून पुरी होत नाही.

या उलथापालथीचे ठरलेले स्पष्टीकरण असे, की दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ आला होता. त्या प्रेमळ पाहुण्यानंतर हा विद्रूप जीव कोणाला हवा होता? मला हे पुरेसे वाटत नाही. प्रेक्षक का आले नाहीत, हे त्यातून कळते; समीक्षकांना काय दिसले, हे कळत नाही.

जुनी परीक्षणे वाचताना जाणवते, की त्यांचे निरीक्षण बरोबरच होते. अंटार्क्टिकाच्या तळावर अडकलेले बारा पुरुष. कोणालाही धड पूर्वकथा नाही. पण समोरच्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या जीवाच्या गोष्टीत ही माणसे आपल्या नीट ओळखीची असती, तर संशयाला जागा कुठे उरली असती?

रक्तपरीक्षेचा प्रसंग आठवा. बांधून ठेवलेली माणसे, बशांमधले रक्ताचे नमुने, तापवलेली तांब्याची तार. मॅकरेडीचा रोख गॅरीवर असतो आणि रक्त उसळते ते पामरचे. त्याआधीच, त्याने गोळी घातलेला क्लार्क माणूसच होता, हे सिद्ध झालेले असते. म्हणजे नायकाच्या हातून निरपराध माणूस मेला आहे, आणि चित्रपट त्यावर क्षणभरही थांबत नाही. परीक्षणांना खुपलेला कोरडेपणा तो हाच. माझ्या मते चित्रपटाची खरी भीती त्या कोरडेपणात आहे.

किळसेची तक्रार मात्र मला पूर्ण खोडता येत नाही. रॉब बॉटिनची करामत अफाटच. तरीही तुटलेल्या डोक्याला पाय फुटून ते चालू लागते, तेव्हा मला भीतीपेक्षा हसू येते.

संगीताचे काय? एन्निओ मोरिकोने यांना या चित्रपटासाठी सर्वांत वाईट संगीताच्या ‘रॅझी’चे नामांकन मिळाले होते. इथे न वापरलेल्या त्यांच्या काही रचना टॅरँटिनोने २०१५ च्या ‘द हेटफुल एट’मध्ये घेतल्या. तिथेही बर्फात कोंडलेली, एकमेकांवर संशय घेणारी माणसे आणि पुन्हा कर्ट रसेल. त्या चित्रपटाच्या संगीताला ऑस्कर मिळाले.