उपकारस्तुतीचे व्याकरण

मराठी ख्रिस्ती साहित्यावर लिहिताना आपले समीक्षक बहुधा रेव्हरंड टिळकांच्या अभंगांपाशी नाहीतर लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’पाशी थांबतात. त्यात गैर काही नाही. पण या साहित्याच्या तळाशी एक अडचणीचा प्रश्न पडून आहे आणि तो वाङ्मयीनही आहे. दुष्काळ, पूर, साथ यांतून वाचलेल्या माणसाने देवाचे आभार मानायचे ते नेमके कशाबद्दल? स्वतः वाचलो म्हणून मानावेत, तर शेजारी गेला त्याचे काय?

आधी शब्द पाहू. मराठी बायबलमध्ये यासाठी ‘उपकारस्तुती’ हा शब्द येतो. चर्चबाहेरच्या वाचकाला तो परका वाटेल. आपल्या बोलण्यात उपकार हे ओझे असते. ते कुणीतरी आपल्यावर करतो, आपण ते फेडतो आणि भांडण झाले की तोच ते काढून दाखवतो. त्याला ‘स्तुती’ जोडली की व्यवहार बदलतो. जे फेडता येणार नाही ते गायचे, असा काहीसा अर्थ निघतो. मला हा शब्द ‘आभार’पेक्षा फार मोठा वाटतो.

पण खरी मेख विभक्तीत आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल सर्व स्थितीत उपकार मानायला सांगतो. तिथे सप्तमी आहे. इफिसकरांस पत्रात मात्र सर्व गोष्टींबद्दल उपकार मानावेत असे येते. मूळ ग्रीकमध्येही हा फरक आहे. ‘दुष्काळात’ देवाचे उपकार मानणे आणि ‘दुष्काळाबद्दल’ मानणे यांत केवढे अंतर आहे ते सांगायला नको. आपत्तीनंतरचे ख्रिस्ती लेखन या दोन पत्रांच्या मधल्या जागेत हेलकावे खाते, असे माझे वाचन आहे.

मी डोंबिवलीच्या मानपाडा भागात राहतो. २६ जुलै २००५ च्या पावसात उल्हास आणि वालधुनीने कल्याण-बदलापूर पट्ट्यात घातलेला धुमाकूळ इथे अजून बोलण्यात येतो. त्यानंतरच्या काही प्रार्थनासभांत मी साक्षी ऐकल्या. (‘साक्ष’ हा आपल्याकडचा एक दुर्लक्षित मौखिक वाङ्मयप्रकारच आहे.) पाणी आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबले, देवाची कृपा, असे त्यांचे साधारण रूप. बोलणाऱ्याच्या भावनेबद्दल शंका नाही. पण पाणी काही थांबले नव्हते, ते उतारावरच्या चाळीत शिरले होते. वाक्यरचना त्या चाळीला बाहेर ठेवते. ही अडचण काही एका धर्माची नव्हे. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. आपत्तीला अर्थ चिकटवला की मेलेल्यांचा हिशेब चुकतो, मग तो अर्थ शिक्षेचा असो की कृपेचा.

या कसोटीवर पंडिता रमाबाई वाचाव्यात. १९०७ मध्ये त्यांनी मूळ इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात १८७० च्या दशकातल्या दक्षिणेकडील दुष्काळाची हकिकत आहे. होते नव्हते ते विकून झालेले, रानात पाला खाऊन काढलेले दिवस, वडील अनंतशास्त्री जलसमाधीच्या विचारात, आणि ब्राह्मणपण बाजूला ठेवून मोलमजुरीला तयार झालेला भाऊ श्रीनिवास. वडील गेले, आई गेली, पुढे बहीणही. भाऊ आणि त्या उरल्या. आपल्याला देवाने यासाठीच राखले, असे सरळ वाक्य इथे लिहिणे किती सोपे होते! रमाबाईंची कृतज्ञता येते ती ख्रिस्त सापडल्याची. भुकेला त्या भूकच म्हणतात.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती झाकू नये. या कृतज्ञतेला आई-वडिलांच्या श्रद्धेवरचा आरोप लागतो. दैवतांपुढे, ब्राह्मणभोजनांत सारे घातले आणि वेळेला कुणी धावले नाही, हा सूर त्यात कडवट आहे. ज्या वडिलांनी बायकोला नि मुलीला संस्कृत शिकवले त्यांच्याबद्दलचा आदर आणि हा कडवटपणा एकाच पानावर नांदतात. रमाबाईंनी ते ओरखडे गुळगुळीत केले नाहीत, हे लेखक म्हणून त्यांचे बळ.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास, गुजरातच्या दुष्काळानंतर, केडगावच्या मुक्ती सदनातली संख्या २००० च्या घरात पोहोचली. शेती, विणकाम, छापखाना सारे तिथेच. यावरचा आक्षेप आपल्याला ठाऊक आहे: पोटासाठी झालेले ‘दुष्काळी ख्रिस्ती’. १८९३ मध्येच शारदा सदनातील धर्मांतरांवरून ‘केसरी’ने वादळ उठवले होते. आक्षेप पोकळ नव्हता. त्या काळचे अनेक मिशनरी वृत्तान्त दुष्काळाकडे पीक कापणीला आल्यासारखे पाहतात. ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. अनाथ मुलीची स्तुती आणि तिला मिळालेली भाकरी वेगळी कशी करायची, याचे उत्तर त्या वृत्तान्तांत नाही. पण ‘दुष्काळी’ हे विशेषण मुलीला लावताना आपण तिच्या तोंडून आणखी एकदा शब्द काढून घेतो, हेही खरे. भाकरी देणाऱ्याविषयी तिला जे वाटले ते वाटण्याचा हक्क तिचा.

रमाबाईंची कृतज्ञता लाचार नव्हती याचा पुरावा त्याच १८९७ सालात सापडतो. पुण्यात प्लेग होता. इतक्या मुली शहरात ठेवायला सरकारी मनाई झाली, तेव्हा फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीन कामी आली. त्याला त्या देवाची योजना मानत. पण प्लेगच्या छावणीत आणि इस्पितळात बायकांची जी परवड चालली होती, ती पाहून त्यांनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात उघड पत्र लिहिले. आपल्याकडची एक मुलगी त्या व्यवस्थेत नाहीशी झाल्याचे त्यात नमूद केले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले आणि प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले.