यंत्राने ऐकले, पुढे काय?

आपल्या खानदेशाला समुद्र नाही. तरीही रावेर तालुक्यातील तांदलवाडीची केळी २०२१ मध्ये दुबईला पोचली. असा माल एरवी न्हावाशेव्याहून जहाजाने अरबी समुद्र ओलांडतो. त्याच समुद्रात देवमासेही राहतात. श्वास घेण्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा पृष्ठभागावर यावे लागते आणि तेथे जहाजांची धडक बसून अनेक देवमासे मरतात.

यावर उपाय म्हणून पाण्याखालचे मायक्रोफोन, उष्णता टिपणारे कॅमेरे, उपग्रह, संगणक यांची वर्णने हल्ली वाचायला मिळतात. ‘यंत्रे देवमाशांना वाचवणार’ असा त्यांचा सूर असतो. वर्गात अशी कात्रणे आपण आवडीने वाचून दाखवतो. आमची तक्रार एवढीच, की ही माहिती अर्ध्यावर थांबते.

मायक्रोफोनला आवाज करणारा देवमासाच कळतो, गप्प असलेला कळत नाही. कॅमेऱ्याला पाण्यावर आलेलाच दिसतो. मग देवमाशालाच भोंगा वाजवून सावध केले तर? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उत्तर अटलांटिकमधल्या ‘राइट’ देवमाशांना असा आवाज ऐकवला गेला. ते दूर पळाले नाहीत, उलट वेगाने वर आले आणि पृष्ठभागाच्या जरासे खाली पोहत राहिले. जहाजाची धडक बसते ती नेमकी तेथेच!

आता आठवी-नववीचे विज्ञान वापरू. देवमासा काही टनांचा, जहाज हजारो टनांचे. धडकेने जहाजाचा वेग जवळपास बदलत नाही. देवमाशाला मात्र क्षणात जहाजाचा वेग घ्यावा लागतो. म्हणून त्याला बसणारा तडाखा मुख्यतः वेगाच्या वर्गानुसार वाढतो. जहाजाचा वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. वेग १५ नॉटवरून १० वर आणला, तर तडाख्याची ऊर्जा ४/९ म्हणजे निम्म्याहून कमी होते. व्हँडरलान आणि टॅगार्ट यांनी २००७ मध्ये प्रत्यक्ष धडकांच्या नोंदी तपासल्या. वेग ११.८ नॉटच्या खाली असेल, तर धडक प्राणघातक ठरण्याची शक्यता निम्म्याहून कमी होते, असे त्यांना आढळले.

अमेरिकेत डिसेंबर २००८ पासून ठरावीक भागांत, ठरावीक महिन्यांत ६५ फूट किंवा त्याहून लांब जहाजांना १० नॉटची मर्यादा आहे. बोस्टनजवळ बोयांखाली मायक्रोफोन बसवले गेले, तेव्हा देवमाशाचा आवाज कळताच गॅसवाहू जहाजांनी वेग कमी करावा, असे बंधनही होते. म्हणजे यंत्राच्या मागे नियम उभा होता. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर २०२२ मध्ये एका मोठ्या जहाज कंपनीने आपला मार्गच सुमारे १५ सागरी मैल दूर नेला. तेथे हवा होता तो निर्णय.

आपल्याकडे काय? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत देवमासे आहेत. पण त्या कायद्यात जहाजाच्या वेगाचे कलम नाही. जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला लागलेला निळा देवमासा वाचवता आला नाही. अशा वेळी मोडलेली हाडे वरून दिसत नाहीत, शवविच्छेदनच करावे लागते. जून २०२४ मध्ये वाढवण बंदराला मंजुरी मिळाली, त्यामुळे जहाजे वाढणारच. लक्षद्वीपजवळच्या पाण्याखालील ध्वनिमुद्रकांनी निळ्या देवमाशांचे गाणे टिपल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राचे खरे काम हेच: देवमासे कोठे आणि केव्हा असतात ते सांगणे. पुढचे काम माणसाचे.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना आपण गौताळा अभयारण्यातून जातो. वन्यप्राण्यांची पाटी डोळ्यांना दिसते, पण ब्रेकवर पाय ठेवायचा की नाही, हे पाटी ठरवत नाही.

पुढच्या वेळी असे कात्रण वाचून दाखवाल, तेव्हा मुलांना एक गणित जरूर घाला. साठ सागरी मैलांचा पट्टा जहाजाने १५ ऐवजी १० नॉटने ओलांडला, तर केळी किती उशिरा पोचतील? उत्तर दोन तास येईल. मग विचारा, हे दोन तास कोणी द्यायचे? त्याचे उत्तर गणिताच्या पुस्तकात नाही.