इंग्रजी व अरबी स्वरांची तुलना : एक चिकित्सा

प्रमाण अरबीत मूलस्वर ६, ब्रिटिश इंग्रजीत संयुक्त स्वरांसह सुमारे २०. रॉबर्ट लाडो यांच्या १९५७ मधील ग्रंथाने रूढ केलेली व्यतिरेकी पद्धत अशा तफावतीवरून अध्ययनकर्त्याच्या चुका वर्तविते. ही मोजणी अपुरी आहे. कैरोच्या बोलीत 'बैत' (घर) चा उच्चार 'बेत' होतो, म्हणजे तेथील विद्यार्थ्यास दीर्घ 'ए' परिचित असतो. हे कोष्टकात दिसत नाही. अधिक गंभीर प्रश्न मात्रेचा. 'कतब' (त्याने लिहिले) व 'कातब' (त्याने पत्रव्यवहार केला) यांत भेद प्रामुख्याने दीर्घत्वाचा. इंग्रजी 'शिप' व 'शीप' यांत मात्र तो मुख्यतः स्वरगुणाचा. शिवाय अघोष 'प'पूर्वी 'शीप'मधील स्वर आखूड होतो. पाठ्यपुस्तकांतील 'ऱ्हस्व-दीर्घ' ही संज्ञा अरबी भाषकाला नेमकी चुकीची खूण ऐकण्यास शिकविते.