बेटावरील विसावा आणि आमचें प्रवासवर्णन

विसावा हा साहित्याचा विषय होऊं शकतो काय, असा प्रश्न अलीकडील प्रवासलेख वाचतांना आम्हांस वारंवार पडतो. दिवाळीची किंवा नाताळची सुटी, दहावीस मराठी कुटुंबांचा मेळा, अंदमानांतील एखादें शांत बेट आणि परत आल्यावर लिहिलेला लेख, हा क्रम आतां इतका रूढ झाला आहे कीं पहिलें पान वाचून शेवटचें सांगतां यावें. निळें पाणी, पांढरी वाळू, माडांची सावली, सहलीच्या व्यवस्थापकानें आग्रहानें वाढलेली पुरणपोळी. मग एक सायंकाळ सेल्युलर जेलच्या प्रांगणांत डोळे पुसण्यासाठीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां पाणी आणि वाळू.

विश्रांतीची आम्हांस अवहेलना करावयाची नाहीं. वर्षभर कचेरी आणि संसार ओढणाऱ्या माणसानें चार दिवस समुद्राकडे पाहत स्वस्थ बसावें, यांत गैर कांहींच नाहीं. किंबहुना अशा रिकाम्या वेळींच माणूस आपल्या सोबत्यास नीट निरखतो. आमची तक्रार ही कीं, या लेखांत विसावा उतरतच नाहीं. उतरते ती सोयींची यादी. पंक्तीला पंधरावीस सहप्रवासी असतात, पण त्यांतील एकाचाही चेहरा वाचकाच्या लक्षांत राहत नाहीं. पु. ल. देशपांडे यांचें ‘पूर्वरंग’ (१९६३) पूर्वेकडील देशांचें वर्णन म्हणून वाचलें जातें. परंतु तें टिकलें, तें लेखकानें स्वतःसकट सर्वांकडे हंसत्या डोळ्यांनीं पाहिलें म्हणून.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. बेटावर राहणारा मनुष्य या लेखांत येत नाहीं. आलाच तर ताट किंवा होडी घेऊन येतो. ज्यास पूर्वीं हॅवलॉक म्हणत आणि २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात, त्या बेटावर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेलीं निर्वासित कुटुंबें वसलीं. अंदमानांत १८५८ पासून धाडलेल्या बंदिवानांचे वंशजही आहेत. त्या शांत किनाऱ्यामागें कोणाचें हरवलेलें गांव आणि कोणाची जन्मठेप उभी आहे, हें ज्यास दिसलें नाहीं, त्यानें बेट पाहिलें असें कसें म्हणावें?

हा निकष आम्हीं परक्या समीक्षाग्रंथांतून उसना आणलेला नाहीं. तो रत्नागिरीनेंच शिकविला आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ मध्यें पदच्युत झाला आणि पुढील वर्षीं त्यास येथें आणण्यांत आलें. भाट्याची खाडी दिसणाऱ्या टेकडीवरील वाड्यांत तो १९१० मध्यें राहावयास गेला आणि १९१६ मध्यें येथेंच वारला. माड, समुद्र, सेवक, मोकळा वेळ, म्हणजे सहलीच्या जाहिरातींत जें जें असतें, तें तें त्यास तीस वर्षें लाभलें. नव्हतें तें परतीचें तिकीट. उलट दिशेचें उदाहरणही याच गांवीं सांपडतें. अंदमानांत दहा वर्षें काढलेले विनायक दामोदर सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरींत स्थानबद्ध होते आणि त्याच काळांत, १९२७ मध्यें, ‘माझी जन्मठेप’ प्रसिद्ध झालें. समुद्र एकास विसावा होतो, तर दुसऱ्यास भिंत. भेद असतो तो परतण्याच्या मोकळीकींत. ही मोकळीक ज्या लेखकाच्या ध्यानांत राहते, त्याच्याच विसाव्याला अर्थ येतो.

आज गणपतिपुळें, गुहागर, हर्णै येथें पाहुणे येतात आणि परत जाऊन आमच्याविषयीं लिहितात: माड, वाळू, मोदक आणि ‘साधींभोळीं माणसें’. तें वाचून रत्नागिरीकर गालांत हंसतो, कारण आपण किती साधेभोळे आहों हें त्यास पुरतें ठाऊक असतें. ‘व्यक्ति आणि वल्ली’ (१९६२) मधील अंतू बर्वा हा असल्या वर्णनांस मराठीनें दिलेला खणखणीत जबाब होय. पाहुणा जितकें पाहतो त्याहून अधिक बारकाईनें यजमान पाहुण्यास पाहत असतो, आणि त्याच्या तिरकस बोलण्याखालीं दारिद्र्य व दुःख दडलेलें असतें, हें तेथें उमगतें. असें असून तोच रत्नागिरीकर अंदमानास जाऊन ‘साधींभोळीं माणसें’ असें लिहितो, तेव्हां आम्हांस खेद होतो. आपल्या किनाऱ्यावर जी उपेक्षा आपणांस बोंचते, ती दुसऱ्याच्या किनाऱ्यावर आपल्या हातून घडूं न देणें, ही प्रवासवर्णनाची पहिली परीक्षा आहे.

आमच्या लेखकांनीं बेटावर अवश्य जावें आणि निवांत पडून राहावें. मात्र लिहावयास बसण्यापूर्वीं एकच प्रश्न स्वतःस विचारावा: आपली होडी हांकणाऱ्यानें आपल्यावर लेख लिहिला असता, तर त्यांत आपण कसे दिसलों असतों? ज्या लेखांत या प्रश्नाचें उत्तर उमटलेलें असेल, तो वाचावयास आम्ही उत्सुक आहों.