सांत्वनाची बाहुली

कला कलेसाठीं कीं जीवनासाठीं, हा वाद फडके व खांडेकर यांच्या नांवांशीं जोडलेला असून मराठी वाचकांस तो नवा नाहीं. त्यांत दाखले दिले जातात ते बहुतेक कथा-कादंबऱ्यांचे. परंतु घर सोडून आश्रयगृहांत आलेल्या स्त्रीच्या सांत्वनार्थ हातानें शिवलेली चिंध्यांची बाहुली ही या वादाची अधिक कठोर कसोटी आहे, असें आम्हांस वाटतें. ती सुंदर नसेल तर तिला कोणी जवळ घेणार नाहीं. ती केवळ सुंदरच असेल तर ज्या दुःखासाठीं ती जन्मली त्याच्याशीं तिचा संबंध उरणार नाहीं. अशा कृतीस दयेच्या नांवाखालीं परीक्षणांतून सूट देणें आम्हांस मान्य नाहीं.

आपल्या देशांतील दोन उदाहरणें प्रथम घेऊं. डिसेंबर २००४ मध्यें त्सुनामीनें तामिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला. त्या धक्क्यांतून कोळी स्त्रियांस सांवरतां यावें म्हणून ऑरोव्हिल येथील ‘उपासना’ या वस्त्रशाळेनें त्यांना उरल्यासुरल्या कापडाची बोटाएवढी बाहुली करावयास शिकविलें. तिचें नांव ‘त्सुनामिका’. ही बाहुली विकावयाची नाहीं, भेट द्यावयाची, असा नियम ठेवला गेला. आणि अशा लक्षावधि बाहुल्या देशोदेशीं पोंचल्या. पुढें २०१८ च्या महापुरांत केरळांतील चेंदमंगलमच्या विणकरांचा माल चिखलांत बुडाला, तेव्हां त्या डागाळलेल्या साड्यांतून ‘चेकुट्टी’ निर्माण झाली. चिखलांतून वांचलेलें लेकरूं, असा त्या नांवाचा भाव आहे. ही मात्र विकली गेली, व तिचा पैसा विणकरांच्या कामीं आला.

दोहोंची तुलना केली असतां कलादृष्ट्या चेकुट्टी आम्हांस सरस वाटते. तिचें कापडच बोलतें; डाग हा तेथें दोष नसून अर्थ आहे. त्सुनामिकेचें सामर्थ्य तिच्या रूपांत नसून ती घडण्याच्या क्रियेंत आहे. समुद्रानें ज्या हातांतील काम हिरावून नेलें त्या हातांस पुनः कांहींतरी घडवितां आलें, हा तिचा खरा विजय. परंतु एकच ठरीव आकृति लाखों वेळां घडूं लागली म्हणजे ती कृति न राहतां बिल्ला होऊं पाहते. दुःख प्रत्येकीचें वेगळें, आणि बाहुली मात्र सर्वांची एकच, ही विसंगति रसिकानें नजरेआड करूं नये.

या उणीवेवरील उत्तर दूर चिलीमध्यें सांपडतें. १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांचीं माणसें धरून नेलीं गेलीं, त्या स्त्रियांनीं गोणपाटावर कापडाचे तुकडे व चिमुकल्या बाहुल्या जोडून चित्रें शिवलीं. ‘आर्पिय्येरा’ या नांवानें तीं ओळखलीं जातात. त्या बाहुल्या कोणाचें मन रिझविण्यासाठीं हंसत नाहींत. त्या तुरुंगाच्या दाराशीं उभ्या राहतात, आपलीं माणसें कोठें आहेत असें विचारतात. सांत्वन आणि साक्ष हीं तेथें एकाच टांक्यानें शिवलेलीं आहेत. जें सांत्वन स्त्रीस गप्प बसवितें तें हलकें, व जें तिला बोलतें करतें तें थोर, असा निकष आम्ही यावरून काढतों.

आतां हा निकष मराठवाड्याच्या भूमीवर लावून पाहूं. लातूरहून नांदेडकडे जातांना वाटेंत चाकूर लागतें. या मुलुखांतील मुलांचें खेळणें म्हणजे ज्वारीच्या धाटाची बैलगाडी. मुलींचें खेळणें म्हणजे लांकडी ठकी किंवा चिंध्यांची बाहुली. परंतु बाहुली हा शब्द येथें निरागस नाहीं. काळी बाहुली दृष्ट लागूं नये म्हणून दारावर टांगतात. टांचण्या टोंचलेली बाहुली उंबऱ्याशीं सांपडली तर करणीच्या भयानें घर हादरतें. शिवाय बाहुला-बाहुलीचें लग्न लावतां लावतांच येथील मुलगी आपल्या लग्नाची तालीम करीत आली. तें लग्न मोडून जी स्त्री आश्रयास आली, तिच्या हातीं विचार न करतां बाहुली देणें म्हणजे तिच्या जखमेवर बोट ठेवणें होय. इब्सेनच्या ज्या नाटकावरून अनंत काणेकरांनीं ‘घरकुल’ रचलें, त्यांतील नायिका आपण बाहुली आहों हें उमगल्यामुळेंच घराबाहेर पडते. अशा नायिकेस बाहेर येतांच पुनः बाहुलीच द्यावयाची काय, हा आक्षेप आम्ही गंभीरपणें घेतों.

दुसरा आक्षेप आमच्याच परंपरेंतून येतो. पंडिता रमाबाईंचें शारदा सदन १८८९ मध्यें निघालें, अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ मध्यें; दोघांनींही निराधार स्त्रीस विद्या दिली, स्वावलंबनाचा मार्ग दिला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानें आश्रयगृहांत आसरा मागण्याचा मार्गही खुला केला. त्यापुढें बाहुलीची काय मातब्बरी?

यावर आमचें उत्तर किल्लारीकडे बोट दाखवितें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच लातूर जिल्ह्यांत भूकंपानें हजारों माणसें गाडलीं. पुढें गांवें नव्या जागीं वसलीं, पक्कीं घरें उभीं राहिलीं. घर चौरस फुटांत मोजतां येतें. पण ज्या घरांत एकटीच उरली तिचें रितेपण कोणत्या मापानें मोजावें? आसरा, कायदा व उद्योग हे आधीं पाहिजेतच; त्यांच्या ऐवजीं बाहुली पुढें करणें ही फसवणूक होईल. परंतु तें सर्व मिळाल्यावरही कांहीं उरतें, आणि त्या उरलेल्यासाठीं कला आहे.

मात्र ती बाहुली दात्यानें शिवून दिलेली नसावी. जिचें दुःख तिनेंच ती शिवावी. या प्रांतीं जुन्या लुगड्यांची वाकळ शिवण्याची रीत आहे. आजीचें लुगडें, आईची चोळी, बाळाचें अंगडें एकाच वाकळींत येतें आणि अंगावर पांघरलें जातें. बाहुलीसाठीं परकी कला आणावयास नको. वाकळीचा तोच टांका पुरे आहे. चेहरा हंसरा असावा, रडवा असावा, कीं मुळींच नसावा, हें तिचें तिनें ठरवावें. जवळ ठेवावी, लेकीस द्यावी, विकावी किंवा उसवून टाकावी, हाही अधिकार तिचाच. ज्या स्त्रीच्या आयुष्याचे निर्णय आजवर इतरांनीं घेतले, तिनें एका वीतभर कापडावर स्वतः घेतलेला निर्णय आम्ही लहान मानीत नाहीं.

मराठींत डोळ्याच्या मध्यावरील काळ्या बिंदूसही बाहुलीच म्हणतात, कारण समोर उभें राहणाऱ्याचें चिमुकलें रूप त्यांत दिसतें. चांगल्या बाहुलीनें एवढेंच साधावें: घडविणारीस तिचें स्वतःचें रूप तींत ओळखूं यावें. जी बाहुली केवळ दात्याचें औदार्य दाखविते, ती कितीही सुबक असली तरी आम्ही तिला कलाकृति म्हणणार नाहीं.