संशयाचे सोंग

विज्ञानकादंबरी म्हणजे अग्निबाण आणि किरणास्त्रे, असे समजणाऱ्या वाचकांनी फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ (१९६५) अवश्य वाचावी. अराकिस या वाळवंटी ग्रहावर घडणारी ही कथा मला तरी एका घराण्याच्या घरभेदाचीच कथा वाटते.

ड्यूक लेटो तेथे राज्य करावयास येतो. त्याचा घात कोण करणार, हे लेखक आरंभीच सांगून टाकतो: घरचा वैद्य डॉ. युए! हे धाडस मला फार आवडते. कारण मग आपण चोर शोधीत बसत नाही. एवढी शहाणी माणसे भलतीकडेच कशी पाहत राहतात, ते पाहतो. युएच्या कपाळावर हिऱ्याच्या आकाराचे गोंदण आहे. रोग्याचा जीव त्याच्या हातून जाऊच शकणार नाही, अशी त्याच्या मनाची घडण केल्याची ती खूण. शत्रू बॅरन हार्कोनेन त्याची बायको ओलीस धरतो आणि ती घडण मोडते. (इतकी साधी युक्ती पूर्वी कोणालाच सुचली नाही, हे मात्र मला पटत नाही.)

बॅरन एक चिठ्ठीही पेरतो. इथे ‘ध’चा ‘मा’ करावा लागत नाही. अख्खी चिठ्ठीच बनावट! संशय यावा तो लेटोची सहचरी जेसिका हिच्यावर. लेटोला हा कावा कळतो. पण शत्रूला गाफील ठेवण्यासाठी तो जेसिकेवर रुसल्याचे सोंग घेतो. खरे काय ते मुलाला, पॉलला, तेवढे सांगून ठेवतो. आणि मग मारला जातो.

कादंबरीचा खरा गाभा मला इथे दिसतो. सोंग घेणारा गेला. आता ते उतरवणार कोण? पॉल आईला सारे सांगतो, पण सेवकांपर्यंत तो निरोप पोहोचत नाही. गर्नी हॅलेक तर दोन वर्षे उलटल्यावरही धन्याचा सूड म्हणून जेसिकेवर सुरी धरतो. त्याची निष्ठा तसूभरही ढळलेली नाही. म्हणून तर तो इतका भयंकर वाटतो! पॉल वेळेवर येतो, एवढेच.

म्हातारा हेर थुफिर हवात याची गत त्याहून वाईट. तीन पिढ्या या घराण्याचे मीठ खाल्लेला हा माणूस जेसिकेच्या द्वेषापायी बॅरनच्याच पदरी राहतो. ती निर्दोष होती, हे त्याला कळते ते शेवटच्या दिवशी. हाती जहरी सुई असते, समोर पॉल असतो. हवात ती सुई चालवीत नाही. जेसिकेला म्हणतो, क्षमा केली नाहीत तरी चालेल. आणि तिथेच प्राण सोडतो.