अस्तराची वाढ आणि आतड्याचे कार्य : टेड्युग्लुटाइडच्या परीक्षेचा विचार

शस्त्रक्रियेत आतड्याचा मोठा भाग गमावलेल्या रोग्यास अन्न खाऊनही पुरेसे पोषण लाभत नाही. शिरेत नळी घालून द्रव व अन्नांश द्यावे लागतात. उरलेल्या आतड्याचे अस्तर वाढवून ही परावलंबिता कमी करावी, हा टेड्युग्लुटाइड या औषधाचा हेतू आहे. त्याची प्रमुख परीक्षा २०१२ साली प्रसिद्ध झाली व त्याच वर्षी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. तथापि, या परीक्षेने ‘पुनर्निर्मिती’ सिद्ध झाली असे म्हणण्यापूर्वी तिने नेमके काय मोजले हे पाहणे अगत्याचे आहे.

उपचाराचा पाया भक्कम आहे. जीएलपी-२ हे संप्रेरक उंदरांच्या लहान आतड्याचे अस्तर वाढविते, असे ड्रकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखविले. नैसर्गिक संप्रेरक काही मिनिटांतच निकामी होते. टेड्युग्लुटाइडमध्ये दुसऱ्या स्थानावरील ॲलानीनऐवजी ग्लायसीन योजून हा दोष दूर केला आहे.

परीक्षेत ८६ रोगी होते व तिचा कालावधी २४ आठवड्यांचा होता. शिरेवाटे द्यावयाचा साप्ताहिक द्रव निदान २० टक्क्यांनी घटला, तर उपचार यशस्वी मानला गेला. औषध घेणाऱ्यांत हे यश ६३ टक्क्यांना, तर औषधरहित सुई घेणाऱ्यांत ३० टक्क्यांना लाभले. आठवड्याची सरासरी घट अनुक्रमे ४.४ व २.३ लिटर होती. हा फरक खरा आहे; परंतु द्रव कमी करण्याचा निर्णय लघवीचे प्रमाण वाढले की नाही यावर अवलंबून होता. म्हणजे मुख्य मोजमाप पाण्याचे झाले, अन्नांशाच्या शोषणाचे नव्हे. शिवाय जीएलपी-२ जठरातील आम्लस्राव कमी करते. तेव्हा द्रवाच्या बचतीचे सर्व श्रेय नव्या अस्तरास देता येत नाही.

२००५ सालच्या १६ रोग्यांच्या लहान परीक्षेत शोषण प्रत्यक्ष मोजले गेले व अस्तराचे नमुनेही तपासले गेले. तेथे वाढ आढळली. पण औषध थांबताच शोषणातील लाभ ओसरला. जी वाढ रोजच्या सुईवर टिकते, तिला आधार म्हणावे, पुनर्निर्मिती नव्हे. शिवाय वाढीची प्रेरणा निरोगी पेशी व अर्बुदाची पेशी असा भेद करीलच असे नाही. म्हणूनच उपचारापूर्वी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी आवश्यक मानली जाते.

नळीविना गेलेली एक रात्रही अशा रोग्यास मोलाची असते, आणि ते मोल या परीक्षेने निश्चित दाखविले आहे. मात्र लिटरांतील बचत व आतड्याचे पूर्ववत् होणे या दोन गोष्टी एकाच शब्दात बांधणे शास्त्रास धरून नाही, व आशेवर जगणाऱ्या रोग्याशी ते प्रामाणिकही नाही.